खासदारकीला एक, आमदारकीला दुसरा

4 जून 2024 रोजी लोकसभेची मतमोजणी आटोपली तेव्हा यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्याला महायुतीचा एकही खासदार आला नव्हता. या जिल्ह्याचे सात विधानसभा मतदारसंघ तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेले आहेत. वणी आणि आर्णी चंद्रपूरकडे, उमरखेड हिंगोलीकडे, आणि राळेगाव, यवतमाळ, दिग्रस व पुसद हे चार वाशीम आणि कारंज्यासोबत यवतमाळ-वाशीममध्ये. तिन्ही जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. यवतमाळ-वाशीममध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे संजय देशमुख 94,473 मतांनी निवडून आले. हिंगोलीत त्याच पक्षाचे नागेश पाटील आष्टीकर लाखाहून अधिक मतांनी जिंकले. चंद्रपुरात काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर यांनी सुधीर मुनगंटीवार यांच्यासारख्या मातब्बर मंत्र्याला 2,60,406 मतांनी हरवले.

साडेपाच महिन्यांनी, 23 नोव्हेंबरला, विधानसभेचा निकाल लागला. सातपैकी पाच जागा महायुतीकडे गेल्या. राळेगावला अशोक उईके, आर्णीला राजू तोडसाम आणि उमरखेडला किसन वानखेडे हे भाजपचे तिघे, दिग्रसला शिंदे यांच्या शिवसेनेचे संजय राठोड आणि पुसदला अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे इंद्रनील नाईक. आघाडीकडे वणी आणि यवतमाळ एवढेच राहिले.

असे काही घडले की राजकीय वर्तुळात लगेच म्हटले जाते की मतदार फिरला, लाट ओसरली. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते, कारण हाच जिल्हा त्याआधी पंधरा वर्षे याच्या नेमका उलटा वागला होता, 2009 ला.

2009 च्या एप्रिलमध्ये नव्या मतदारसंघ रचनेनंतरची पहिली लोकसभा निवडणूक झाली. यवतमाळ-वाशीममध्ये शिवसेनेच्या भावना गवळी, हिंगोलीत शिवसेनेचे सुभाष वानखेडे आणि चंद्रपुरात भाजपचे हंसराज अहीर निवडून आले. म्हणजे तिन्ही जागा युतीच्या. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात? वणीला वामनराव कासावार, राळेगावला वसंत पुरके, यवतमाळला नीलेश पारवेकर, आर्णीला शिवाजीराव मोघे, उमरखेडला विजय खडसे, हे सगळे काँग्रेसचे. पुसदला राष्ट्रवादीचे मनोहर नाईक. युतीला मिळाले ते एकटे दिग्रस, संजय राठोड यांच्या रूपाने. सातपैकी सहा आमदार आघाडीचे आणि तिन्ही खासदार युतीचे. त्या वेळी केंद्रात आणि राज्यात दोन्हीकडे काँग्रेसप्रणीत सरकार होते, त्यामुळे सत्तेकडे झुकण्याचा नियम लावला तरी हा निकाल त्यात बसत नाही.

मधल्या दोन निवडणुकांतही ही फारकत पुसली गेली नाही. 2014 साली मोदी लाटेत हिंगोलीची जागा काँग्रेसचे राजीव सातव यांनी अवघ्या 1,632 मतांनी जिंकली, पण त्याच मतदारसंघातल्या उमरखेडने ऑक्टोबरात भाजपचा आमदार दिला. यवतमाळ-वाशीमची खासदारकी पुन्हा गवळींकडे गेली आणि पुसदने राष्ट्रवादीच्या मनोहर नाईकांनाच ठेवले. 2019 ला काँग्रेसने अख्ख्या महाराष्ट्रात जिंकलेली एकमेव लोकसभा जागा चंद्रपूरची होती, बाळू धानोरकर यांची. सहा महिन्यांत त्या जागेतल्या वणी आणि आर्णी या दोन्ही मतदारसंघांतून भाजपचे आमदार निवडून आले.

चार निवडणुकांत चारही वेळा जे दिसते त्याला अपघात म्हणता येत नाही. गावाच्या पारावर हा व्यवहार फार सरळ शब्दांत बोलला जातो. खासदारकीले एक, आमदारकीले दुसरा. त्यात कुणाला विसंगती दिसत नाही आणि मलाही दिसत नाही. मतदार इथे दोन वेगळ्या कामांसाठी दोन वेगळी माणसे नेमतो.

कामे किती वेगळी आहेत ते आधी पाहू. यवतमाळ-वाशीम लोकसभेत 2024 ला सुमारे 19 लाख मतदार होते. विधानसभेच्या मतदारसंघात तीन लाखांच्या आगेमागे. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात आणि ते सहा विधानसभा क्षेत्रांत वाटायचे, म्हणजे एकेका क्षेत्राला सरासरी 83 लाख. आमदाराला तेच 5 कोटी एका क्षेत्रासाठी असतात. ओलिताच्या दिवसांत डीपी जळाली, पांदण रस्ता चिखलात गेला, विम्याचे पैसे अडले, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाही, तहसीलमध्ये दाखला मिळत नाही, तर माणूस आमदाराकडे जातो. खासदाराचे मुख्य काम दिल्लीत आहे. कापसाचा हमीभाव, खाद्यतेलाच्या आयातीवरचे शुल्क, सोयापेंडीची निर्यात हे विषय तिथे ठरतात आणि यवतमाळच्या शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब त्यांवर अवलंबून असतो. म्हणून लोकसभेला तो देशाच्या सरकारबद्दल बोलतो आणि विधानसभेला आपल्या तालुक्याबद्दल.

निदान रूढ समजूत अशी आहे. ती बरीचशी खरी असली तरी यवतमाळात ती एका ठिकाणी अडखळते, आणि तिथेच हा जिल्हा अभ्यासण्यासारखा होतो. विदर्भात लोकसभेचे मतदान एप्रिलमध्ये होते. तोवर बहुतेकांचा माल विकून झालेला असतो, भावाचा राग असला तरी तो मागच्या हंगामाचा असतो. विधानसभेचे मतदान ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे सोयाबीनची सोंगणी नुकतीच संपलेली, माल बाजार समितीत, पऱ्हाटीची वेचणी सुरू. भाव पडले असतील तर जखम तेव्हा ताजी असते. 2024 च्या नोव्हेंबरात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याहून बरेच कमी मिळत होते. राग मतपेटीत उतरायचाच असता तर तो नोव्हेंबरात अधिक उतरायला हवा होता. प्रत्यक्षात उलटे झाले.

या कोड्याचे एक उत्तर मधल्या पाच महिन्यांत आहे. जूनच्या अखेरीस राज्याच्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. महिन्याला 1,500 रुपये, आणि मतदानाआधी पाच हप्ते, म्हणजे 7,500 रुपये, महिलांच्या खात्यात जमा झाले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल माफ झाले. मागच्या खरिपाच्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, सप्टेंबरअखेरपासून मिळू लागले. लोकसभेला संविधान, भाव आणि पक्षफोडीचा संताप यांवर मत पडले होते. विधानसभेला राज्य सरकारचा पैसा थेट घरात पोहोचलेला होता. तो पैसा कुणी दिला हे मतदाराला नेमके ठाऊक होते. फेब्रुवारीच्या 28 तारखेला पंतप्रधानांनी यवतमाळजवळच्या भारी इथल्या सभेतून किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता देशभर सोडला होता, तरी एप्रिलमध्ये त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा नुसत्या पैशाने मत मिळते हेही खरे नाही.

दुसरे उत्तर उमेदवारात आहे. 2024 च्या लोकसभेला महायुतीने पाच वेळच्या खासदार भावना गवळी यांना उमेदवारी नाकारली आणि हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना उभे केले. निर्णय अर्ज भरण्याच्या शेवटच्या घटकेपर्यंत रखडला. समोर संजय देशमुख होते, दिग्रसचे माजी आमदार, जिल्ह्याला पुरते ठाऊक असलेला चेहरा. हेच देशमुख 2019 ला दिग्रसमध्ये अपक्ष म्हणून संजय राठोडांकडून मोठ्या फरकाने हरले होते. ज्याला आमदार होऊ दिले नाही तो पाच वर्षांनी खासदार झाला, आणि त्याला हरवणारा आमदारच राहिला. राजकारणाचा पट पक्षांच्या नावाने मांडला तर हे विचित्र दिसते, माणसांच्या नावाने मांडला तर अगदी स्वाभाविक.

पण माणूस महत्त्वाचा की पक्ष, याचे एकच उत्तर देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हे शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत दिसते.

उमरखेड हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ. 2014 ला इथून भाजपचे राजेंद्र नजरधने निवडून आले. 2019 ला भाजपचे नामदेव ससाणे. 2024 ला भाजपचे किसन वानखेडे. तीन निवडणुका, तीन वेगळे आमदार, पक्ष एकच. आर्णीतही तसेच. 2014 ला राजू तोडसाम, 2019 ला संदीप धुर्वे, 2024 ला पुन्हा तोडसाम, सगळे भाजपकडून. इथे मत पक्षाच्या चिन्हाला आहे आणि आमदार बदलता येतो.

उमरखेडला लागूनच पुसद आहे. तिथे याच्या उलट. वसंतराव नाईक 1952 ला इथून निवडून गेले, डिसेंबर 1963 ते फेब्रुवारी 1975 अशी अकरा वर्षांहून अधिक काळ ते मुख्यमंत्री राहिले. त्यांचे पुतणे सुधाकरराव 1991 ते 1993 या काळात मुख्यमंत्री झाले. मग मनोहर नाईक, मग इंद्रनील. काँग्रेस, शरद पवारांची राष्ट्रवादी, अजित पवारांची राष्ट्रवादी असे चिन्ह बदलत गेले आणि नाईकांचा बंगला तोच राहिला. 2019 ला भाजपने हा गड घ्यायचा ठरवला तेव्हा त्यांनाही नाईकच उभे करावे लागले. इंद्रनील यांच्याविरुद्ध त्यांचे चुलतभाऊ निलय नाईक लढले आणि फरक दहा हजारांच्या आत आला. 2024 ला तोच फरक नव्वद हजारांच्या घरात गेला, कारण भाजप आता त्यांच्याच बाजूला होता. या दोन आकड्यांत पुसदचे राजकारण वाचता येते. घराण्याचे मत पक्के आहे, पण त्यावर पक्षाचे मत चढले की विजय प्रचंड होतो.

नाईक घराण्याच्या टिकण्याचे स्पष्टीकरण नुसते घराणेशाही म्हणून देणे मला पटत नाही. घराणी महाराष्ट्रात शेकडो आहेत आणि त्यातली कितीतरी बुडाली. पुसदमध्ये बंजारा समाज मोठा आहे, तरी एकट्याच्या बळावर कुणाला निवडून आणेल इतका नाही. कुणबी, मराठा, आदिवासी, दलित, मुस्लिम यांतले कुणी ना कुणी सोबत हवेच. म्हणून या मतदारसंघात टोकाची भाषा परवडत नाही. सगळ्यांना धरून चालणारा माणूस टिकतो. वसंतरावांच्या काळापासून ही रीत पडली, आणि पक्ष कुठलाही असो, दुसऱ्या पक्षाच्या मतदारालाही इथे मत देताना अवघडल्यासारखे होत नाही. खासदारकीला शिवसेनेचे बटण दाबणाऱ्याने आमदारकीला नाईकांचे बटण दाबण्यात पक्षद्रोह नाही.

मवाळ चेहऱ्याला मिळणारी ही सूट फक्त पुसदला नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याने 2020 च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर, राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट जो बायडेन यांना नऊ टक्क्यांच्या आघाडीने निवडले आणि सिनेटसाठी रिपब्लिकन सुसान कॉलिन्स यांना आठ टक्क्यांहून अधिक आघाडीने. कॉलिन्स 1997 पासून सिनेटमध्ये होत्या. मोठ्या प्रश्नांवर कधी स्वपक्षाविरुद्ध मत देणाऱ्या, आणि राज्याच्या बंदरांसाठी, जहाजबांधणीसाठी दिल्लीसारख्या दूरच्या राजधानीतून पैसा आणणाऱ्या, अशी त्यांची ख्याती. त्या वर्षी अमेरिकेत सिनेटच्या इतर सगळ्या लढतींत राज्याने ज्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष निवडला त्याच पक्षाचा सिनेटर निवडला. अपवाद फक्त मेनचा. 2016 ला तर असा एकही अपवाद नव्हता. तिथे मतविभागणी दुर्मीळ झाली आहे, कारण लोक पक्षाला ओळख मानू लागले आहेत. आपल्याकडे पक्षच दर पाच वर्षांनी फुटतात, जुळतात, चिन्हे बदलतात. ओळख म्हणून पक्षाला धरून ठेवणे मतदाराला कठीण जाते, आणि मग माणूस उरतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. यवतमाळात दोन निवडणुकांत सहा महिन्यांचे अंतर असते. एकाच माणसाने दोन वेगळ्या पक्षांना मत दिले हे कशावरून? कदाचित लोकसभेला घरी बसलेले लोक विधानसभेला बाहेर पडले असतील. 2024 ला राज्यात लोकसभेचे मतदान सुमारे 61 टक्के होते, विधानसभेचे 66 टक्के. पाच टक्के म्हणजे लाखो नवे मतदार. शिवाय लोकसभेला राज्यभर दोन्ही आघाड्यांची मते 43-44 टक्क्यांवर जवळजवळ बरोबरीत होती, जागा मात्र 30 आणि 17 पडल्या. म्हणजे जूनमधला आघाडीचा विजय जागांत दिसतो तितका मतांत मोठा नव्हता. विधानसभेला महायुती 48 टक्क्यांच्या वर गेली. काही मतदार नवे आले, काही फिरले, आणि काहींनी दोन्ही वेळा ठरवून वेगवेगळे मत दिले. तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या.

ठरवून वेगळे मत देणारे किती, हे कळायला एकाच दिवशी झालेली निवडणूक पाहावी लागते. सुदैवाने महाराष्ट्राकडे तशी एक आहे. सप्टेंबर 1999 मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या. मतदाराने एकाच खोलीत दोन मते दिली. लोकसभेला शिवसेना-भाजपला 48 पैकी 28 जागा मिळाल्या, विधानसभेला 288 पैकी 125. मतांचा वाटा लोकसभेला सुमारे 38 टक्के, विधानसभेला 32 टक्क्यांहून कमी. दर शंभरातल्या सहा मतांचा हा फरक त्याच दिवशी, त्याच रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी केला. बंडखोर आणि अपक्षांनी त्यातला काही भाग खाल्ला असेल, पण तेही मतदाराने जाणूनच दिलेले मत. दिग्रसने त्या वर्षी अपक्ष संजय देशमुखांना आमदार केले.

यवतमाळ शहराने तर 2016 च्या अखेरीस याहून स्पष्ट उदाहरण दिले. त्या वर्षी नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता. एकाच वेळी नगराध्यक्षासाठी एक मत आणि प्रभागातल्या नगरसेवकांसाठी वेगळी मते. शिवसेनेच्या कांचन चौधरी नगराध्यक्ष झाल्या आणि सभागृहात सर्वाधिक नगरसेवक भाजपचे निवडून आले. त्या दिवशी आदल्या सहा महिन्यांत काय घडले याचा प्रश्नच नव्हता. बोट एका मशीनवर एका चिन्हाकडे गेले आणि शेजारच्या मशीनवर दुसऱ्या.

एक देश, एक निवडणूक या चर्चेत ही उदाहरणे मोलाची आहेत. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने मार्च 2024 मध्ये अहवाल दिला, डिसेंबरात घटनादुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मांडले गेले. एकत्र निवडणुकांना विरोध करणाऱ्यांचा मोठा आक्षेप असा की राज्याचे प्रश्न देशाच्या लाटेत वाहून जातील. आयडीएफसी इन्स्टिट्यूटने 1999 ते 2014 या काळातल्या निवडणुकांवर केलेल्या एका अभ्यासात, एकत्र मतदान झाल्यास मतदार दोन्हीकडे एकच पक्ष निवडण्याची शक्यता 77 टक्के असल्याचे दिसले होते. हा आकडा गंभीर आहे, त्याकडे दुर्लक्ष करू नये. पण ओडिशाही पाहावा. 2019 ला तिथे दोन्ही मतदाने एकाच दिवशी होऊनही भाजपला लोकसभेच्या 21 पैकी 8 जागा मिळाल्या आणि विधानसभेच्या 147 पैकी अवघ्या 23. 2024 ला बिजू जनता दलाला लोकसभेची एकही जागा मिळाली नाही, विधानसभेच्या मात्र 51 मिळाल्या. लाट येते तेव्हाही सगळे वाहून जात नाही. माझे मत असे की दोन निवडणुकांतले अंतर मतदाराला विचाराला अवसर देते आणि तो अवसर काढून घेऊ नये. पण त्याला तो अवसर नसला तर दोन सरकारांतला फरकच कळणार नाही, असे मानणे म्हणजे त्याला कमी लेखणे आहे.

वणी आणि यवतमाळ यांनी 2024 ला दोन्ही वेळा आघाडीलाच साथ दिली, हेही या चित्रात आहे. यवतमाळमध्ये भाजपचे मदन येरावार 2014 ला 1,227 आणि 2019 ला 2,253 मतांनी जिंकले होते. इतक्या पातळ आघाडीवर उभ्या असलेल्या आमदाराकडे दुसऱ्या पक्षाच्या मतदाराची सूट जमा झालेली नसते. काँग्रेसचे बाळासाहेब मांगुळकर, जे 2019 ला थोडक्यात हरले होते, ते या वेळी निवडून आले. राळेगावला अशोक उईके वाचले, पण तीन हजारांच्या आतच. मवाळ माणसाचा किंवा जुन्या आमदाराचा आधार सगळीकडे सारखा नाही. जिथे तो वर्षानुवर्षांच्या वावरातून कमावला गेला आहे, त्या पुसद आणि दिग्रसमध्ये तो हजारोंनी मोजता येतो.

लोकसभेची जागा जिंकली म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रात आघाडी मिळाली असे होत नाही, आणि तालुक्यात आघाडी म्हणजे प्रत्येक गावात आघाडी असेही नाही. खरे चित्र केंद्राच्या पातळीवर आहे. निवडणूक आयोग प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मते पडली ते फॉर्म 20 मध्ये प्रसिद्ध करतो आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते कुणालाही मोफत पाहता येते. आपल्या गावाच्या केंद्राचा एप्रिल 2024 चा तक्ता आणि नोव्हेंबर 2024 चा तक्ता शेजारी ठेवा. एकूण मतदान किती वाढले ते आधी वजा करा आणि मग पाहा, आपल्या शेजाऱ्यांपैकी किती जणांनी खासदारकीला एक आणि आमदारकीला दुसरा निवडला.